पुण्याला आणखी पाणी हवं हे खरं, पण वापरलेलं पाणी जाणार कुठे?

नदीकाठ (धागाकर्ता)

दर उन्हाळ्यात आपल्याकडे एकच चर्चा रंगते. धरणात किती टीएमसी उरलं, गुरुवारचं पाणी बंद किती आठवडे, कालव्याला आवर्तन (शेतीसाठी ठरावीक काळ सोडायचं पाणी) सोडलं तर शहराचं काय होणार. वरसगाव 12.82, पानशेत 10.65, टेमघर 3.71 आणि ज्यातून प्रत्यक्ष पाणी उचललं जातं ते खडकवासला जेमतेम 1.97. एकूण 29.15 टीएमसी. पेपर वाचणाऱ्या पुणेकराला हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. मला दुसऱ्या टोकाबद्दल बोलायचं आहे, कारण त्या टोकाचे आकडे कुणालाच पाठ नाहीत.

साधा हिशेब करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. ते वर्षभर पुरवून वापरलं तर रोजचे 77-78 एमएलडी होतात (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर). शहर वर्षाला वीस टीएमसीच्या आसपास पाणी उचलतं, म्हणजे रोज दीड हजार एमएलडीच्या वर. पुरवलेल्या पाण्यापैकी 80 टक्के सांडपाणी म्हणून परत येतं, असं धरून ड्रेनेजची आखणी करायची पद्धत आहे. तसं धरलं तर रोज बाराशे एमएलडीहून जास्त मैलापाणी.

आता ते शुद्ध करायची सोय बघा. भैरोबा नाला, नायडू, एरंडवणे, तानाजीवाडी, बोपोडी, विठ्ठलवाडी, बाणेर, खराडी, मुंढवा अशा जुन्या केंद्रांची एकूण क्षमता 477 एमएलडी. ‘जायका’ या जपानी संस्थेच्या कर्जातून होणारा मुळा-मुठा नदीच्या शुद्धीकरणाचा प्रकल्प केंद्र सरकारने जानेवारी 2016 मध्ये मंजूर केला: 990 कोटी रुपये, 11 नवी केंद्रं, 396 एमएलडी. मंजुरी आणि प्रत्यक्ष काम यात काही वर्षं गेली आणि तेवढ्यात शहराची हद्दच बदलली. 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वगळली, तरीही क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईच्या पुढे गेली. जुनं आणि नवं मिळून 873 एमएलडी. ही सगळी केंद्रं उद्या सकाळी पूर्ण क्षमतेने चालू झाली असं समजा, तरी वरच्या हिशेबाने तीन-साडेतीनशे एमएलडी पाणी नदीत तसंच जाणार.

भामा-आसखेड धरणाचं पाणी 2021 च्या सुरुवातीला वडगाव शेरी, खराडी, धानोरी भागात आलं तेव्हा फटाके वाजले. लोकांनी कित्येक वर्षं टँकरवर काढली होती, आनंद व्हायलाच हवा. पण त्या पाण्याबरोबर त्या भागात सांडपाणीही तेवढंच वाढलं, त्याचं उद्घाटन कोण करणार? प्रत्येक नवीन टीएमसीसोबत साठ-बासष्ट एमएलडीचं एक शुद्धीकरण केंद्र आपल्या डोक्यावर येतं. पाण्याची मंजुरी एका खात्यात, ड्रेनेज दुसऱ्या, बांधकाम परवाना तिसऱ्या आणि धरण तर राज्य सरकारच्या जलसंपदा विभागाकडे.

माझं म्हणणं एवढंच: वाढीव पाण्याची मागणी आणि सांडपाण्याची सोय एकाच कागदावर, एकाच दिवशी मंजूर व्हायला हवी. सोय नसेल तर नवीन इमारतीला भोगवटा पत्र (राहायला जायची परवानगी) मिळू नये. तुमच्या भागात काय परिस्थिती आहे ते लिहा.

---

धायरीची_सून

आमच्याकडचं सांगते. फ्लॅट घेताना करारात एक परिच्छेद होता, महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची व्यवस्था बिल्डर करेल. तसं हमीपत्र त्याने दिलं होतं. ताबा मिळाल्यावर सहा-आठ महिने टँकर त्याच्या खर्चाने आले. मग सोसायटी स्थापन झाली आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये चढलं. हमीपत्र कुठल्या फाइलला लावलंय हे विचारायला गेलो तर एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठवत राहिले.

उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच टँकर लागतात. पाणी कुठून भरलं हे ड्रायव्हर सांगत नाही. विचारलं की ‘बोअरचं गोड पाणी आहे ताई’ एवढंच उत्तर.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडायला लागले तेव्हा आम्हाला हे सगळं पहिल्यांदा नीट कळलं. पायातली ताकद जाते, मग हात, काहींना व्हेंटिलेटर. दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, म्हणजे दूषित पाण्याचा संशय. नांदेड गावच्या मोठ्या विहिरीत खडकवासल्याचं पाणी यायचं आणि तिथून क्लोरीन टाकून आसपासच्या गावांना दिलं जायचं. गाळायचा प्लांट मध्ये नव्हताच. खाजगी टँकर भरायच्या जागा आणि आरओचे प्लांट तपासले तर तिथेही दूषित पाणी निघालं.

धरण आमच्या गच्चीतून दिसतं. तेवढ्या अंतरावर राहून आम्ही मुलांना उकळलेलं पाणी बाटलीत भरून शाळेत पाठवत होतो. म्हणून तुमच्या मागणीत एक भर घाला. सांडपाण्याची सोय हवीच, पण शुद्ध पाण्याचीही सोय नसताना भोगवटा पत्र कसं मिळतं?

---

चावीवाले_काका

मी पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी केली, आता निवृत्त आहे. व्हॉल्व्ह उघडण्यापासून सुरुवात केली. धायरीच्या ताईंनी लिहिलंय त्यातला एक भाग लोकांना कळत नाही म्हणून सांगतो.

पाणी दिवसातून दोन-तीन तास येतं. उरलेला वेळ लाइन रिकामी असते. रिकामी म्हणजे निव्वळ हवेने भरलेली नाही. पाणी बंद करताना उंचावरचं पाणी खालच्या भागाकडे ओढलं जातं आणि वरच्या पाइपात पोकळी होते. ती पोकळी बाहेरून ओढते. पाइपाला कुठे जोड सुटलाय, कुठे जुनं कनेक्शन नुसतं लाकडी खुंटी ठोकून बंद केलंय, तिथून बाहेरचं पाणी आत येतं. जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांत पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन हातभर अंतरावर आहे, आणि कित्येक ठिकाणी नळाचं कनेक्शन चेंबरमधूनच गेलेलं आहे. चेंबर तुंबला की नळ मैलापाण्यात बुडतो. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिली दोन मिनिटं पिवळसर येतं, वास येतो. लोक म्हणतात फिल्टर प्लांट नीट चालत नाही. पर्वतीच्या फिल्टर प्लांटमधून पाणी चांगलंच निघालेलं असतं, ते वाटेत नासतं.

यात भर म्हणजे मोटर. नळाला थेट मोटर लावली की तीही तेच करते, लाइनमधून जोरात ओढते. एकाने लावली की शेजाऱ्याला लावावी लागते. गल्लीच्या टोकाच्या घरात मग पाणी नाही, फक्त हवेचा आवाज.

घरच्या घरी एक तपासणी सगळ्यांनी करावी. क्लोरीन तपासायचं छोटं किट मेडिकलच्या किंवा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी फिकट पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नळाशी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असा नियम आहे. पाणी पांढरंच राहिलं तर त्या दिवशी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर लेखी तक्रार करा, फोनवर नको.

---

वडगावशेरी_९७

काकांशी सहमत. आमच्याकडे भामा-आसखेड आल्यावर टँकर खूप कमी झाले हे खरं, पण आमच्या मागच्या नाल्याला आता बाराही महिने पाणी असतं. आधी तो उन्हाळ्यात कोरडा पडायचा.

---

यवतचा_शेतकरी

धागाकर्त्यांनी नदीचा विषय काढला ते बरं केलं. पुणेकरांच्या हिशेबात आम्ही कधी येत नाही.

मुठा उजवा कालवा खडकवासल्यातून निघतो, शहरातून हडपसर, लोणी करत दौंड, इंदापूरकडे येतो. खडकवासला धरण 1879 च्या सुमाराला बांधलं तेव्हापासून हे पाणी शेतीला मिळतंय. शहराचा 11.5 टीएमसीचा करार होता आणि उचल वीसच्या घरात गेली. मधलं पाणी आलं कुठून? आमच्या आवर्तनातून. आधी रब्बीत दोन-तीन आणि उन्हाळ्यात दोन आवर्तनं मिळायची. आता उन्हाळी आवर्तन मिळेल का नाही हे कालवा समितीची बैठक होईपर्यंत कळत नाही. ऊस लावावा का तरकारी, हे बैठकीच्या तारखेवर ठरतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला तर पाणी आलं हे ऐकूनच समाधान मानावं लागतं.

बदल्यात आम्हाला काय द्यायचं ठरलं? शुद्ध केलेलं सांडपाणी. मुंढव्याला जॅकवेल (पंपाने पाणी उचलायची विहीर) बांधली, नदीतलं पाणी उचलून साडेसतरा नळीजवळ बेबी कालव्यात (शेतीला पाणी देणारा कालवा) सोडायचं, वर्षाला साडेसहा टीएमसी. आता धागाकर्त्यांचीच पद्धत लावून बघा. साडेसहा टीएमसी म्हणजे रोजचे पाचशे एमएलडी. आणि जुन्या केंद्रांची सगळी क्षमताच 477. म्हणजे सगळी केंद्रं रोज काठोकाठ चालली तरी तेवढं शुद्ध पाणी तयारच होत नव्हतं. जॅकवेल बंधाऱ्यातून, म्हणजे नदीतून पाणी उचलते. नदीत जे असेल ते आमच्याकडे येतं.

बेबी कालव्याला पाणी सुटलं की दारे धरायला गेलेल्या माणसाच्या पायाला खाज सुटते. वाफ्यात पांढरा फेस राहतो, वाळल्यावर मातीवर करडा पापुद्रा धरतो. उसाला ते चालतं, ऊस काहीही पितो. मेथी, कोथिंबिरीला आम्ही ते देत नाही, कारण ती भाजी परत तुमच्याच मार्केट यार्डात येणार आहे. पण सगळेच असा विचार करू शकत नाहीत. ज्याच्याकडे दुसरं पाणीच नाही तो काय करणार?

पुढे हेच पाणी रांजणगाव सांडसला भीमेत मिळतं आणि उजनीत जातं. उजनीवर सोलापूर जिल्ह्यातली गावंच्या गावं पाणी पितात.

---

आकडेमोड

सगळ्यांचं पटतंय, पण धागाकर्त्यांच्या हिशेबात एक जागा तपासायला हवी. दीड हजार एमएलडीचे 80 टक्के हे सरळ गणित चालणार नाही. महापालिकाच वर्षानुवर्षं सांगत आली आहे की 35 ते 40 टक्के पाणी गळतीत जातं. गळलेलं पाणी घरात पोचतच नाही, त्याचं मैलापाणी होत नाही. 40 टक्के गळती धरली तर घरात पोचतात साधारण 930 एमएलडी, त्याचे 80 टक्के म्हणजे 745. मग जायकाची केंद्रं धरून 873 एमएलडी क्षमता पुरेशी दिसते. तुमचा तीनशेचा खड्डा नाहीसाच होतो.

---

नदीकाठ (धागाकर्ता)

आकडेमोड, प्रश्न अगदी योग्य आहे. मीही हा हिशेब करून पाहिला होता. तो कागदावर जुळतो, पण त्यात एक मोठा झरा धरलेला नाही. बोअर आणि टँकर. धायरीच्या ताईंच्या सोसायटीत रोज चार-पाच टँकर येतात. टँकर दहा हजार लिटरचा धरला तर रोज चाळीस-पन्नास हजार लिटर पाणी धरणाच्या हिशेबात नाहीच, पण त्यांच्या ड्रेनेजमध्ये मात्र येतंच. वाघोलीपासून आंबेगावपर्यंत, बावधन, सूस, म्हाळुंग्यापासून उंड्री, पिसोळीपर्यंत हीच तऱ्हा. शहराच्या कडेने जिथे लोकसंख्या सगळ्यात वेगाने वाढते आहे, तिथेच पाण्याची नोंद सगळ्यात कमी आहे.

दुसरं, गळलेलं पाणी कुठे जातं? काही जमिनीत मुरतं, काही शेजारच्या फुटक्या ड्रेनेजमध्ये शिरतं आणि केंद्रावर पोचतं. पावसाळ्यात तर पावसाचं पाणीही त्याच लाइनमध्ये.

आणि क्षमता असून उपयोग नाही, पाणी केंद्रापर्यंत पोचायला हवं. समाविष्ट गावांत मुख्य मैलापाणी वाहिन्याच नाहीत किंवा तुकड्या-तुकड्यात आहेत. शोषखड्डे, सेप्टिक टँक, आणि ते भरले की उपसून नेणारी गाडी. त्या गाड्या रात्री कुठे रिकाम्या होतात हे प्रत्येक गावात माहीत असतं.

म्हणूनच समान पाणीपुरवठा योजना मला महत्त्वाची वाटते. 2017 साली महापालिकेने त्यासाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले. शहराचे 141 झोन, नव्या साठवण टाक्या, जुन्या वाहिन्या बदलणं आणि नळाला मीटर. लोकांनी त्यातलं मीटर एवढंच पकडलं आणि विरोध केला. पण झोनच्या तोंडाशी एक मीटर आणि प्रत्येक घराशी एक मीटर असला तरच कळतं की झोनमध्ये किती पाणी शिरलं, घरांत किती पोचलं, मध्ये किती गेलं. आज आपण 40 टक्के म्हणतो तोही अंदाजच आहे.

---

चावीवाले_काका

मीटरबद्दल एक शब्द. लाइन रिकामी असताना पाणी सुटलं की आधी हवा जोरात येते आणि हवेनेही मीटर फिरतो. त्यामुळे आधी चोवीस तास दाब आणि मग मीटरचं बिल, हा क्रम उलटा झाला तर हवेचंही बिल येतं हे लोकांचं म्हणणं खरं ठरेल.

---

ब्लोअर_चालू_ठेवा

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. तीनशेच्या वर फ्लॅट, स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाचा छोटा प्लांट). इथे सगळे मोठ्या केंद्रांबद्दल बोलताहेत, पण शहरात आता शेकडो सोसायट्यांमध्ये तळघरात एसटीपी आहेत. मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरीतच ती अट असते. ते सगळे नीट चालले तर महापालिकेच्या केंद्रांवरचा भार खरोखर हलका होईल. पण बहुतेक चालत नाहीत. का चालत नाहीत ते जवळून पाहिलंय म्हणून सविस्तर लिहिते.

एसटीपी म्हणजे मशिन कमी आणि पाळलेले जिवाणू जास्त. मैलापाण्यातली घाण ते खातात. त्यांना चोवीस तास हवा लागते, ती ब्लोअर देतो. ब्लोअरचं वीजबिल मोठं येतं. मग सर्वसाधारण सभेत कुणीतरी विचारतं, रात्री कशाला चालवायचा? ऑपरेटरला सांगितलं जातं, रात्री अकरा ते सकाळी सहा बंद ठेव. हवा थांबली की टाकीतलं पाणी सडायला लागतं. काही दिवसांत तपकिरी रंगाचं काळं होतं, वास पार्किंगमध्ये येतो. मग वासाची तक्रार, मग ऑपरेटरला बोल, मग तो बायपासचा व्हॉल्व्ह उघडून सगळं थेट नाल्यात सोडतो. कागदावर एसटीपी आहे, मीटर फिरतोय, रजिस्टरमध्ये सही आहे.

आमच्याकडेही सुरुवातीला असंच चाललं होतं, बिल्डरने नेमलेल्या एजन्सीच्या काळात. आता एक साधी गोष्ट रोज होते. ऑपरेटर हवेच्या टाकीतलं एक लिटर पाणी काचेच्या उंच नळकांड्यात घेतो आणि अर्धा तास हलवत नाही. गाळ खाली बसतो. तीनशे मिलिलिटरच्या आसपास चॉकलेटी गाळ आणि वर स्वच्छ पाणी असेल तर टाकी निरोगी आहे. गाळ बसतच नसेल किंवा काळा असेल तर काहीतरी बिघडलंय. त्याचा फोटो तो ग्रुपवर टाकतो. तीनशे घरांतल्या पाच-सहा जणांना तरी आता तो फोटो वाचता येतो. त्यातल्या एक आजी आहेत ज्या रोज सकाळी फोटो आला नाही तर खाली जाऊन विचारतात.

शुद्ध झालेलं पाणी फ्लशच्या वेगळ्या लाइनला आणि बागेला जातं. आमचे टँकर जवळपास निम्म्यावर आले. तरी बरंच पाणी उरतं, ते ड्रेनेजला सोडावं लागतं, कारण घ्यायला कुणी नाही. शेजारी दोन बांधकामं चालू आहेत, ती बोअरचं पाणी वापरतात. बांधकामाला शुद्ध केलेलं सांडपाणीच वापरायचा महापालिकेचा नियम आहे. आमच्या कुंपणापलीकडे त्यांची खडी पडलीये, एक पाइप टाकला तर काम होईल.

---

बांधकामवाला

मी या धंद्यात आहे, त्यामुळे माझं म्हणणं इथे अनेकांना आवडणार नाही. सोय नसेल तर भोगवटा पत्र नको, हे ऐकायला ठीक आहे. पण परवाना देताना विकास शुल्क घेतलं जातं, ते कशासाठी? रस्ता, पाणी, ड्रेनेजसाठीच. पैसे आम्ही भरले, ते ग्राहकाच्या खिशातून आले. लाइन टाकायची जबाबदारी पैसे घेणाऱ्याची आहे. भोगवटा अडवला तर हप्ता आणि भाडं दोन्ही भरत बसलेलं कुटुंब अडकतं. शिवाय परवानगी कडक केली की माणूस गुंठ्याच्या प्लॉटवर विनापरवाना बांधतो. तिथे एसटीपी नाही, ड्रेनेज नाही, काहीच नाही. गावांमध्ये तेच झालं आहे.

---

नदीकाठ (धागाकर्ता)

विकास शुल्काचा मुद्दा मान्य. तो पैसा ज्या भागातून आला त्याच भागाच्या पाण्या-ड्रेनेजला लागला का, याचा हिशेब वेगळा आणि जाहीर असायला हवा. आणि अडवायचं असेल तर भोगवट्यापेक्षा बांधकाम सुरू करायच्या परवान्यालाच अडवावं, हे मला पटतं, म्हणजे घर बुक केलेला माणूस भरडला जाणार नाही. पण ‘अडवलं तर लोक बेकायदा बांधतील’ या कारणाने काहीच अडवायचं नाही, हे मी मान्य करणार नाही. धायरी-नांदेडच्या लोकांनी त्याची किंमत दवाखान्यात मोजली आहे.

---

आंबील_ओढ्याकाठी

पावसाळ्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून आंबील ओढ्याला जे पाणी आलं ते टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर, दांडेकर पूल सगळीकडून गेलं. वीसहून जास्त माणसं गेली त्या पुरात. भिंती पडल्या, गाड्या एकावर एक चढल्या.

ओढ्याची रुंदी कमी झाली, त्यावर बांधकामं झाली हे सगळे बोलतात. ड्रेनेजची गोष्ट कमी बोलली जाते. शहरातल्या बहुतेक मैलापाण्याच्या मोठ्या लाइन ओढ्याच्या पात्रातूनच टाकल्यात, कारण उतार आयता मिळतो आणि जागा विकत घ्यावी लागत नाही. पात्रात चेंबर उभे राहतात, ओढ्यात वाहून आलेला कचरा त्यांना अडकतो. पूर आला की चेंबरची झाकणं उडतात आणि मैलापाणी पुराच्या पाण्यात मिसळतं. घरात शिरलेलं पाणी ओसरल्यावर जो चिखल राहतो त्यात हे सगळं असतं. आमच्याकडे तळमजल्यावरच्या लोकांनी तो हाताने काढला.

जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हाही तेच. तिथे पाणी धरणातून सोडलेलं होतं, पण घरात आलं ते ड्रेनेज घेऊनच.

---

पिंपळे_सौदागर

पिंपरी-चिंचवडबद्दल थोडक्यात. आमच्याकडे नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी आहे. त्या वर्षी पवना धरण पूर्ण भरलेलं होतं तरीही. अडचण साठ्याची नव्हती, रावेतहून उचलायच्या आणि शुद्ध करायच्या क्षमतेची होती. पवनेतून थेट बंद पाइपने पाणी आणायचं ठरलं तर मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, 9 ऑगस्ट 2011 ला गोळीबारात तीन जण गेले. ज्याच्या गावातून पाणी न्यायचं त्याला न विचारता शहर मोठं करायचं, हे पुण्यानेही लक्षात ठेवावं.

---

यवतचा_शेतकरी

पिंपळेकर, हे लिहिल्याबद्दल आभारी आहे.

आता आमच्याकडे खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याची चर्चा आहे. उघड्या कालव्याऐवजी बोगद्यातून पाणी आणलं की गळती आणि बाष्पीभवनाचं दोन टीएमसीहून जास्त पाणी वाचेल असं सांगतात. वाचावं, चांगलं आहे. 2018 च्या सप्टेंबरला जनता वसाहतीजवळ कालवा फुटला आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी घुसलं, तसं तरी होणार नाही. पण वाचलेलं पाणी कुणाचं, हे आजच लिहून द्या. ते शहराच्या वाढीव मागणीत गेलं तर पुढे तुम्ही पुन्हा इथेच विचाराल की वापरलेलं पाणी जाणार कुठे. ते आमच्याकडेच येणार आहे.

आम्हाला सांडपाणी नको असं नाही. नीट शुद्ध केलेलं, रोजच्या रोज तपासलेलं द्या, आम्ही घेऊ. बेबी कालव्याच्या मुखाशी पाण्याच्या तपासणीचा रोजचा आकडा फलकावर लावा, शेतकऱ्याला वाचता येईल असा. मग कुणी कुणाचं पाणी घेतलं हे भांडण निम्मं मिटेल.

---

धायरीची_सून

शेतकरी दादा, फलकाची कल्पना आमच्याकडेही लागू करता येईल. पाण्याच्या टाकीवर रोजचा क्लोरीनचा आकडा. टँकर भरायच्या जागेवरही.

ब्लोअर ताई, एक विचारायचं आहे. आमची इमारत जुन्या परवानगीची, सात मजली, एसटीपी नाही आणि फ्लशला वेगळी लाइनही नाही. आम्ही काय करू शकतो?

---

ब्लोअर_चालू_ठेवा

पूर्ण इमारतीला दुहेरी लाइन आता टाकणं खर्चिक पडेल, त्याच्या मागे लागू नका. बेसिन आणि बाथरूमचं पाणी संडासाच्या पाइपपासून वेगळं उतरतं का ते आधी प्लंबरला डक्टमध्ये उतरवून बघा. जुन्या इमारतींत पुष्कळदा दोन उभे पाइप वेगळे असतात आणि खाली चेंबरमध्ये एकत्र होतात. वेगळे असतील तर तेवढं पाणी तळाशी अडवून, गाळून बाग, पार्किंग धुणं आणि तळमजल्याच्या सार्वजनिक संडासाला वापरता येतं. स्वयंपाकघराचं पाणी त्यात घेऊ नका, तेलाने फिल्टर लगेच तुंबतो.

बोअर असेल तर गच्चीचं पावसाचं पाणी गाळून त्यात सोडा. पर्जन्यजल संधारण, सोलर किंवा गांडूळखत यापैकी एक असेल तर मिळकत करात 5 टक्के, दोन असतील तर 10 टक्के सवलत आहे. अर्जासोबत फोटो आणि प्रकल्प चालू असल्याचा पुरावा लागतो.

आणि हमीपत्राची प्रत मिळवा. माहिती अधिकारात तुमच्या इमारतीच्या मंजूर नकाशाचा क्रमांक टाकून ‘पाणीपुरवठ्याबाबत विकसकाने दिलेले हमीपत्र आणि मलनिस्सारण विभागाचा ना हरकत दाखला’ अशा दोन कागदांच्या प्रमाणित प्रती मागा. दोन्ही एकाच अर्जात मागा. दुसरा कागद निघाला नाही तर धागाकर्त्यांना कळवा, कारण त्यांचा मूळ प्रश्न तोच आहे.

---

नदीकाठ (धागाकर्ता)

नक्की कळवा. बावधन, सूस आणि वाघोलीच्या तीन सोसायट्यांकडून मी हेच दोन कागद मागवतो आहे. आंबेगाव, उंड्री किंवा मांजरीचं कुणी असेल तर निरोप पाठवा, अर्जाचा मसुदा देतो.